बेघरांचा प्रश्न सुटत का नाही?

रात्री दुकाने बंद झाली, की मुंबईतील अनेक पदपथांवर पथाऱ्या पसरू लागतात. दिवसभर हातगाडी ओढणारे, बाजारात हमाली करणारे, नाक्यावर उभे राहून मजुरी मिळविणारे, भंगार वेचणारे हे लोक उजाडण्यापूर्वी अंथरूण गुंडाळून पुन्हा कामाला लागतात. शहराला त्यांचे श्रम हवे असतात. त्यांच्या रात्रीच्या निवाऱ्याची तजवीज मात्र शहराच्या नियोजनात नसते. बेघरांचा प्रश्न वर्षानुवर्षे कायम राहण्याचे मूळ या विसंगतीत आहे.

बेघर आणि झोपडपट्टीवासी यांत सर्वसाधारणपणे गल्लत केली जाते. झोपडी कितीही मोडकी असली, तरी जनगणनेच्या दृष्टीने ते घर असते. जे उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, रेल्वे फलाटावर किंवा देवळाच्या मंडपात राहतात, त्यांचीच नोंद 'बेघर' म्हणून होते. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री अशा लोकांची गणना करण्यात आली. त्यानुसार देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर होते. २००१ मध्ये हीच संख्या १९ लाख ४३ हजारांच्या आसपास होती. वरकरणी ही घट दिलासादायक वाटते. परंतु त्याच दशकात शहरांतील बेघर ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले. ग्रामीण भागात हा आकडा घटला आणि शहरांत वाढला. बृहन्मुंबईत तो सुमारे ५७ हजार होता. अर्थात, एका रात्रीत केलेल्या गणनेतून रात्रपाळीला गेलेले किंवा हुसकावण्याच्या भीतीने दूर राहिलेले किती जण निसटले असतील, याचा अंदाजच बांधावा लागतो.

या प्रश्नाची न्यायालयीन बाजूही मुंबईतूनच सुरू होते. १९८१च्या ऐन पावसाळ्यात राज्य सरकारने पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. माणूस पदपथावर राहतो तो कामाच्या जवळ राहता यावे म्हणून. तेथून त्याला उठविणे म्हणजे त्याची भाकरी हिरावून घेणे, ही बाब न्यायालयाने मान्य केली. मात्र, पदपथावर कायम वास्तव्य करण्याचा हक्क कोणालाही नाही, असेही त्याच निकालाने स्पष्ट केले. पावसाळा सरेपर्यंत कारवाई थांबली. नोटीस देण्याचा दंडक आला. पर्यायी जागा देणे ही कारवाईची पूर्वअट मात्र ठरली नाही. पुढील चार दशकांतील अपुरेपणाची बीजे येथे दिसतात.

निवाऱ्याची निश्चित जबाबदारी ठरण्यास २०१० साल उजाडावे लागले. दिल्लीत कडाक्याच्या थंडीत एक रात्रनिवारा पाडण्यात आल्यानंतर हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, बारा महिने व चोवीस तास खुले राहणारे निवारा केंद्र असावे, असे निर्देश निघाले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तोच निकष स्वीकारला. एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय असे हे प्रमाण होते. मुंबईची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे हा किमान निकष अक्षरशः पाळला, तरी सुमारे साडेबारा हजार लोकांनाच छप्पर मिळेल. नोंदलेल्या बेघरांच्या तुलनेत हे प्रमाण पाचव्या हिश्श्याहून थोडेसेच अधिक भरते. तेव्हा अपुरी अंमलबजावणी हे अपयशाचे एक कारण झाले. निकष लोकसंख्येवरून ठरला, बेघरांच्या संख्येवरून नाही, हे दुसरे.

जागेचे स्थान हा तितकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. पहाटे बाजारात माल उतरविणाऱ्या हमालाला दहा-बारा किलोमीटरवरील निवारा निरुपयोगी ठरतो; जाण्यायेण्याच्या भाड्यातच मजुरीचा मोठा भाग खर्ची पडतो. केवळ पुरुषांसाठी असलेल्या केंद्रात कुटुंब राहू शकत नाही. सामान ठेवायला जागा नसेल, तर भांडीकुंडी आणि हातगाडी सोडून आत झोपण्याचा धोका कोणी पत्करीत नाही. म्हणून काही निवारे ओस आणि शेजारचे पदपथ भरलेले, असे चित्र दिसले तर त्यात नवल नाही.

कागदपत्रांचा अडसर याहूनही चिवट आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाचा लाभ ठरावीक तारखेपूर्वीच्या झोपडीचा पुरावा असणाऱ्याला मिळतो. ज्याच्याकडे झोपडीच नाही, त्याने पुरावा कशाचा द्यायचा? दुसरीकडे, १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणाऱ्यालाही भिक्षेकऱ्यांच्या व्याख्येत ओढता येते. दिल्लीला लागू असलेल्या या कायद्यातील अनेक तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या. परंतु तो निकाल दिल्लीपुरताच होता.

यातून मार्ग नाही असे नव्हे. १९८०च्या दशकात भायखळा परिसरातील पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांनी 'महिला मिलन'च्या माध्यमातून बचत सुरू केली, स्वतःची गणना करून घेतली आणि परवडेल अशा घराचा विचार केला. त्यांच्यातील काही कुटुंबांना कालांतराने मानखुर्द येथे हक्काची घरे मिळाली. त्यासाठी अनेक वर्षे लागली, हेही विसरता येत नाही. रात्रीचा निवारा, मग भाड्याची परवडणारी खोली आणि त्यानंतर कायमचे घर अशा पायऱ्या नसतील, तर माणूस पहिल्याच पायरीवर अडकतो.

२०११च्या जनगणनेने मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचेही नोंदविले होते. बेघरांच्या संख्येच्या ती आठपटींहून अधिक भरतात. ही घरे बेघरांना वाटून टाकावीत, असा त्याचा अर्थ नाही. मात्र, शहरात जागाच नाही, हे ठरलेले उत्तर देताना हा आकडा तरी नजरेसमोर असावयास हवा. जे शहर दिवसा ज्यांच्या खांद्यावर उभे असते, त्यांना रात्री पाठ टेकायला जागा देणे हे त्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. त्याला उपकाराचे रूप देण्याचे कारण नाही.