रुसलेले वाचक, रुसलेले खेळाडू

परभणीच्या माणसाला नाराज करणे तसे सोपे नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असे ज्या गावाविषयी बोलले जाते, तिथली माणसे फार मोठ्या अपेक्षा ठेवीत नाहीत. पाऊस लांबला तर म्हणतात पडेल, गाडी लांबली तर म्हणतात येईल. पण आमच्या अक्काचा मुलगा २०२४ च्या भाऊबीजेला सेलूच्या घरी असा काही तोंड पाडून बसला होता की, मला वाटले याची पुण्यातली नोकरी गेली. वय वर्षे पस्तीस, पदरी सात वर्षांची मुलगी. खोदखोदून विचारले तेव्हा कळले की, संगणकावरचा एक खेळ त्याच्या मनास आला नाही!

मी हसलो. तुम्हीही हसला असाल. पण तो जे काही सांगू लागला, ते ऐकता ऐकता माझे हसू हळूहळू मावळले. म्हणून ही हकीगत जरा तपशिलाने देतो.

या खेळाचे नाव 'ड्रॅगन एज'. कॅनडातल्या एडमंटन शहरी 'बायोवेअर' नावाची कंपनी आहे, ती तो तयार करते. १९९५ साली ही कंपनी काढणारे गृहस्थ पेशाने डॉक्टर होते, ही त्यातली मौज. हा खेळ म्हणजे नुसती गोळीबाराची दणादण नव्हे. तुम्ही एका अद्भुत कथेतले पात्र व्हायचे. योद्धा व्हा, जादूगार व्हा, नाहीतर चलाख चोर व्हा. वाटेत सोबती मिळतात, ते आपसात भांडतात, तुमच्यावर रुसतात, प्रसंगी सोडूनही जातात. आणि प्रत्येक वळणावर कथा थांबून तुम्हाला विचारते, आता काय करणार? याला जीवदान देणार की नाही? गादीवर कोणाला बसवणार? तुम्ही दिलेले उत्तर खेळ विसरत नाही. पहिला भाग २००९ साली आला तेव्हा आमचे चिरंजीव इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात होते. त्या भागाच्या शेवटी महाराक्षसाला मारणाराने स्वतःचा प्राण द्यायचा असतो. त्यातून सुटायला एक मांत्रिक पळवाट आहे, पण ती फारशी शुद्ध नाही. ती घ्यायची की नाही यावर तीन रात्री विचार केला, असे भाच्याने मला गंभीरपणे सांगितले. लग्नाला होकार द्यायला त्याला दोनच दिवस लागले होते!

हे निर्णय पुढच्या भागांत बरोबर नेता येत. २०११ चा दुसरा भाग दोन वर्षांच्या आत घाईने उरकला होता. त्याच त्या गुहा पुन्हापुन्हा येतात म्हणून खेळाडू चिडले, पण टिकून राहिले. २०१४ च्या तिसऱ्या भागाला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. आणि मग दहा वर्षे काही नाही. दहा वर्षे या पोराने जुन्या संगणकातले आपले निर्णय, घर बदलले तरी, नोकरी बदलली तरी, आजीच्या डबीतल्या पुतळ्यांसारखे जपून ठेवले. अखेर चौथा भाग, 'द व्हेलगार्ड', बाजारात आला तो ३१ ऑक्टोबर २०२४ या तारखेला, म्हणजे नेमका नरकचतुर्दशीस! पहाटे अभ्यंगस्नान आणि रात्री खेळ. त्याने रजा काढली होती.

नव्या खेळाने त्याला मागचे फक्त तीन प्रश्न विचारले. तीनही तिसऱ्या भागातले. पहिल्या भागात कोण मेले, कोण राजा झाले, याची चौकशीसुद्धा नाही. "मामा," तो म्हणाला, "पंधरा वर्षांनी आपल्या शाळेत जावे आणि शिपायाने, कोण तुम्ही, म्हणून विचारावे, तसे झाले." शिवाय सोबती आता फार गोड बोलतात. पूर्वी त्यांना दुखावता येत असे, आता कितीही प्रयत्न केला तरी कोणी फारसे दुखावतच नाही. चित्रे देखणी आहेत, लढाई झकास आहे, हे तो कबूल करतो. पुष्कळ समीक्षकांनीही खेळाला बरे म्हटले. पण काही महिन्यांनी 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या मालक कंपनीनेच सांगितले की, पंधरा लाखांच्या आसपास लोक खेळले आणि हा आकडा अपेक्षेच्या जवळजवळ निम्म्याने कमी आहे. कंपनीने बायोवेअर विकत घेण्याचा करार २००७ साली केला. ते संस्थापक डॉक्टर २०१२ साली बाहेर पडले. मधल्या काळात या चौथ्या भागाचा आराखडाच बदलून, अनेकांनी एकदम खेळायचा आणि सतत पैसे मिळवून देणारा खेळ करण्याचे घाटत होते. ते बारगळले आणि पुन्हा एकट्याचा खेळ झाला. इतक्या हातांतून गेलेल्या आमटीला कोणाच्या हातची चव असणार?

मी काही बोलणार तोच अक्का उठली आणि माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. ट्रंकेत 'चांदोबा'चे खंड होते.

आता इथे तरुण वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या जोडीने जुलै १९४७ मध्ये मद्रासेत तेलुगू आणि तमिळ भाषांत मुलांचे एक मासिक काढले. 'पाताळभैरवी' आणि 'मायाबझार' हे गाजलेले तेलुगू चित्रपट काढणारी ती हीच जोडी. मासिक पुढे एकेका भाषेत पसरत गेले आणि १९५२ साली 'चांदोबा' या नावाने मराठीत उतरले. गोष्टींवर लेखकांची नावे बहुधा नसत. त्यामुळे खड्गवर्मा आणि जीवदत्त, जयशील आणि सिद्धसाधक, भल्लूक मांत्रिक आणि पाताळदुर्ग हे सारे एकाच माणसाच्या डोक्यातून निघाले, हे आम्हाला कैक वर्षे ठाऊक नव्हते. त्या माणसाचे नाव दासरी सुब्रह्मण्यम्. १९५४ पासून पंचवीस वर्षांच्या आसपास त्यांनी एकामागून एक अद्भुत कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. दोन वीर, एखादा मांत्रिक, एखादा विक्षिप्त सोबती आणि पुढे अरण्य. भाचा ऐकत होता, तो एकदम म्हणाला, "अहो मामा, ही तर आमची टोळीच झाली!"

आम्ही त्या वेळी पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मीटर गेजचे दिवस, दिवसरात्र इंजिनांचा धूर. वडिलांचे शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेले, त्यामुळे तिलिस्म आणि अय्यार त्यांना नवे नव्हते. मराठी मात्र ते सावकाश, अक्षर लावून वाचीत. महिन्याला एक अंक आणि आम्ही भावंडे चार. पहिला मान अक्काचा. मुखपृष्ठ कोणी हाताळायचे, यावरून मारामाऱ्या होत. आणि विक्रम-वेताळाचे पान उघडले की सारे चिडीचूप. शंकर यांनी काढलेले ते चित्र ज्याने लहानपणी पाहिले तो विसरणे शक्य नाही. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारे प्रेत, भोवती स्मशान. (हे के. सी. शिवशंकरन् २०२० साली सत्त्याण्णव्या वर्षी वारले, आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ती हयातीत देता आली नसती का, हा प्रश्न वेताळानेच विचारावा.)

मूळ संस्कृत वेताळकथा पंचवीस. 'चांदोबा'ने त्या शेकड्यांनी वाढवल्या, पण नेम एकच. गोष्ट संपता संपता वेताळ प्रश्न टाकी. उत्तर ठाऊक असून न दिले तर डोक्याची शंभर शकले, आणि दिले तर मौन मोडून प्रेत पुन्हा झाडावर. आमचे वडील प्रश्नापर्यंत वाचीत आणि पुढच्या मजकुरावर तळहात ठेवीत. "बोला, विक्रम काय सांगेल?" मग चौघांची चार उत्तरे. एखाद्या गोष्टीवर जेवण होईपर्यंत वाद चाले. अक्काचे उत्तर पुष्कळदा राजापेक्षा निराळे असे आणि ती माघार घेत नसे. त्या खंडांच्या समासांत तिच्या शिसपेन्सिलीचे शेरे आजही वाचता येतात. 'विक्रम चुकला.' 'राजकन्येला कोणी विचारले?' एके ठिकाणी नुसतेच, 'अन्याय.'

भाच्याने ते शेरे फार वेळ पाहिले. मग म्हणाला, "आई, तुझे निर्णय टिकले की गं."

टिकले ते तिने सुई-दोऱ्याने दर वर्षाचे बारा अंक शिवून ठेवले म्हणून. पण अक्काचाही एक घाव आहेच. १९८५ साली दूरदर्शनवर विक्रम-वेताळ आले, मग रामायण आले आणि मुले तिकडे वळली. चक्रपाणी १९७५ मध्ये वारले, आणि तेलुगू अंकाचे संपादक कोडवटिगंटी कुटुंबराव १९८० मध्ये गेले. १९९८ साली कामगारांच्या तंट्यातून मासिकच बंद पडले. वर्षाने नव्या भांडवलावर ते पुन्हा सुरू झाले. २००७ मध्ये मुंबईच्या 'गिओडेसिक' या संगणक-व्यवसायातल्या कंपनीने ते घेतले, आणि २००८ मध्ये नवा थाट आला. आजच्या काळातल्या गोष्टी, खेळ, विज्ञान, तंत्रज्ञान. अक्का तोवर आजी व्हायच्या वयाला आली होती, तरी निष्ठेने अंक आणीत राहिली. दर महिन्याला चरफडे आणि दर महिन्याला आणी. पुढे अंकच येईनासे झाले. २०१३ च्या सुमारास सारेच थांबले, आणि वर्षभरात ती कंपनीही कर्जाखाली बुडाली.

मी तिला विचारले, "अक्का, खरे सांग. मासिक बिघडले, की आपण वाढलो?" हा प्रश्न मला भाच्यालाही विचारायचा होता. विसाव्या वर्षी रात्र रात्र जागून खेळलेला खेळ आणि पस्तिसाव्या वर्षी मुलीला झोपवून खेळलेला खेळ, सारखा लागेल कसा?

अक्का काही बोलली नाही. तिने नातीला जवळ घेतले, जुन्या खंडातली एक वेताळकथा वाचली आणि प्रश्नाशी येताच वडिलांसारखा तळहात ठेवला. पोरीने डोळे बारीक करून उत्तर दिले. ते विक्रमाच्या उत्तराशी जुळले नाही, तेव्हा तिने आजीशी भांडण मांडले. मग नव्या थाटाचा एक अंक दिला. तो तिने चाळला, एक कोडे सोडवले आणि फुलबाज्यांकडे गेली. आता एका पोरीवरून निकाल देता येत नाही, हे मलाही समजते. आजीची मांडी दोन्हीकडे सारखी नव्हती, हाही आक्षेप खरा. तरी माझे मत सांगतो. आम्ही वाढलो हे अर्धे खरे. उरलेले अर्धे असे की, दोन्हीकडच्या मालकांनी दारात न आलेल्या पाहुण्यांचा हिशेब केला आणि पंगतीला बसलेल्यांच्या पानात काय आहे, ते पाहिले नाही. मुले बदलली, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण वेताळाने प्रश्न विचारणे आणि तो विचारून उत्तराची वाट पाहणे, यात जुने होण्यासारखे काय होते? भाच्याची तक्रारही शेवटी तीच. राक्षस लहान झाले, याचे त्याला दुःख नाही. आपल्याला विचारले नाही, याचे आहे.

त्याच्या गटातले काहीजण नव्या खेळावर फार हीन भाषेत तुटून पडले आणि खेळ करणाऱ्यांना नावे ठेवू लागले. ते त्यालाही आवडले नाही. रुसणे निराळे आणि शिवीगाळ निराळी. आर्थर कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला दरीत लोटले तेव्हाही वाचक चवताळले होते, आणि १९०३ मध्ये त्याला होम्स परत आणावा लागला. पण तो लेखक हयात होता, पात्र त्याचे होते. 'चांदोबा'च्या वाचकांनी कोणाकडे दाद मागायची?

तेलुगू वाचकांनी मात्र एक काम केले, ते मला फार मानाचे वाटते. दासरी २०१० मध्ये वारले. त्यानंतर चाहत्यांच्या खटपटीने त्यांच्या मालिका पुस्तकरूपाने निघाल्या, त्यांच्या नावानिशी. जुने अंक शोधून, त्यांची पाने संगणकात उतरवून एकमेकांना पुरवणारेही पुष्कळ निघाले.

भाच्याने दिवाळीची उरलेली रजा त्यातच घालवली. व्हरांड्यात उजेडाला खंड मांडून पान न् पान मोबाइलवर टिपले, समासातल्या शेऱ्यांसकट. कसर लागलेली पाने अक्का पोस्टकार्डाच्या कडेने उलटून देत होती. काम पुरे झालेले नाही. १९७३ च्या खंडात दोन अंक नाहीत, मार्च आणि ऑगस्ट. मार्चचा आमच्या धाकट्या भावाने शाळेत नेऊन हरवला, ऑगस्टचा कसा गेला ते कोणालाच आठवत नाही. जिंतूर, मानवत, पाथरी, गंगाखेड, जिथे जिथे नातलग आहेत तिथे विचारून झाले. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर असतील तर अंक आम्हाला नकोत, पाने टिपू दिली तरी चालेल. आम्ही येऊ.