पाण्यानें वळविलेले केस

आपल्याकडे नहाणाच्या दिवशीं शिकेकाईचा वास जसा घरभर दरवळत असे, तशी अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या घरीं शनिवारची रात्र केसांची रात्र म्हणून ओळखली जात असे. दुसरे दिवशीं प्रार्थनामंदिरांत जावयाचें. तेव्हां आई किंवा आजी चुलीजवळ खुर्ची घेऊन बसे, मुलीला आपल्या गुडघ्यांमध्यें बसवी आणि एकेकीचा गुंता काढून, तेल लावून, वेण्या घालून देई. चुलीजवळ बसण्याचें कारण असें कीं, धातूची फणी विस्तवावर तापवून तिनें कुरळे केस सरळ करण्याची चाल होती. मानेवरचे बारीक केस सर्वांत कुरळे आणि फणीला सर्वांत कमी जुमानणारे. त्यांना त्या समाजाच्या बोलींत ‘किचन’, म्हणजे स्वयंपाकघर, असेंच नांव आहे.

आम्ही आज लिहिणार आहों तें त्या तापल्या फणीविषयीं नव्हे. तिच्या मागून ‘रिलॅक्सर’ नांवाचें रसायन आलें, तें लावून कुरळे केस कायमचे सरळ होतात. असे केस पुढें आठवडेच्या आठवडे घरच्या घरीं, विस्तवावांचून व पार्लरची पायरी न चढतां कसे राखावे व कसे बसवावे, हा आमचा विषय आहे. तो परका वाटण्याचें कारण नाहीं. वाचकांपैकीं पुष्कळांच्या लेकीसुना त्या देशांत संसार करीत आहेत. शेजारच्या बाई रात्रीं डोक्यास सॅटिनचा रुमाल कां बांधतात, हें त्यांस ठाऊक असावें. शिवाय तिरुपतीस नवसाचे उतरविलेले केस देवस्थान लिलांवानें विकतें, आणि त्यांतील लांब केस कृत्रिम केशसंभारासाठीं परदेशीं जाऊन अखेर याच भगिनींच्या मस्तकीं चढतात. तेव्हां संबंध नाहीं असें कोणीं म्हणूं नये.

केस सरळ करण्याच्या या हौसेला नट्टेपणा म्हणून नाक मुरडणें सोपें आहे. परंतु ज्या समाजाची गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें संपली, त्याच्या केसांना गोऱ्यांच्या केसांचें माप लावण्याचें मात्र संपलें नाहीं. सरळ ते ‘चांगले केस’, कुरळे ते वाईट, ही भाषा घराघरांत शिरली. नोकरी व शाळा यांच्या दारांतही तीच. याच काळांत केसांच्या धंद्यानें कांहीं स्त्रियांस वर काढलें, हेंही तितकेंच खरें. मॅडम सी. जे. वॉकर या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या बाई १८६७ सालीं लुइझियानांत जन्मल्या. त्यांचे आईबाप गुलाम म्हणून राबलेले, आणि त्या स्वतः धुणें धुऊन पोट भरीत. स्वतःचे केस गळूं लागले तेव्हां त्यांनीं औषधी मलमाचा धंदा आरंभिला, १९१० सालीं इंडियानापोलिस येथें कारखाना उभारिला आणि हजारों स्त्रियांस विक्रीच्या कामीं लाविलें. १९१९ सालीं त्या वारल्या तेव्हां त्यांची गणना देशांतील धनाढ्य उद्योगी स्त्रियांत होत होती. पुरुषही या हौसेंतून सुटले नव्हते. कॉस्टिक सोडा, बटाटे व अंडीं यांचें घरगुती मिश्रण डोक्यास थापून ते केस सरळ करीत. माल्कम एक्स यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत या प्रकारानें डोक्याची झालेली आग वर्णिली आहे आणि पुढें त्या चालीचा धिक्कारही केला आहे. १९५४ सालीं शिकागोच्या जॉर्ज जॉन्सन यांनीं पुरुषांसाठीं तयार रिलॅक्सर बाजारांत आणला. मागाहून स्त्रियांसाठींही आला, आणि तापली फणी मागें पडत गेली.

आतां हें रसायन करितें काय, तें पाहूं. कारण पुढची सारी निगा त्यावर अवलंबून आहे. केस केराटिन नांवाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्या प्रथिनाचे धागे अनेक बंधांनीं एकमेकांस जखडलेले असतात, त्यांतील दोन आपण ध्यानांत ठेवावे. एक गंधकाचा बंध. हा फार बळकट असून पाण्यास दाद देत नाहीं. दुसरा हायड्रोजनचा, हा पाण्यानें सुटतो आणि वाळल्यावर पुन्हां जुळतो. रिलॅक्सरमध्यें कॉस्टिक सोडा किंवा त्याच्याच जातीचा तीव्र क्षार असतो, आणि तो गंधकाच्या बंधावर घाला घालतो. बंध तुटतो, त्याचे जागीं निराळाच बंध बनतो, आणि केसाचें मूळचें वळण कायमचें जातें. ज्या डब्यांवर ‘नो लाय’ असें छापलेलें असतें त्यांत कॉस्टिक सोडा नसला तरी क्षार तीव्रच असतो. टाळूस तो थोडा सौम्य लागतो, परंतु केसांवर चुन्याचा अंश राहून ते कोरडे पडतात.

आपल्याकडे पार्लरमधून ‘स्मूदनिंग’ व ‘रिबॉन्डिंग’ करितात, तीं रसायनें बहुधा निराळीं. रिबॉन्डिंगचें औषध गंधकाचा बंध सोडवून पुन्हां जुळवितें. या दोन जाती एकाच केसावर एकीमागून एक कधींही लावूं नयेत. केस मुळापासून तुटून हातांत येतात. परदेशीं गेलेल्या मुलीनें तेथील पार्लरमध्यें आपल्या केसांस पूर्वी काय लावलें आहे, हें आधीं सांगणें म्हणूनच अगत्याचें.

गंधकाचा बंध गेला तरी हायड्रोजनचा बंध शिल्लक असतो, आणि घरगुती केशरचनेची सारी किमया त्यांतच आहे. ओल्या केसांची वेणी घालून निजलें तर सकाळीं सोडल्यावर केस नागमोडी होतात, हें आपल्याकडे कोणत्याही मुलीस ठाऊक असतें. पाण्यानें सैल झालेले बंध वेणीच्या आकारांत वाळतात व त्याच आकारांत जुळतात. तापविलेली सळई जें दोन मिनिटांत करिते, तेंच पाणी व वेळ मिळून रात्रभरांत करितात. आणि आधींच अशक्त झालेला केस भाजत नाहीं.

या रीतींत मुख्य ती रोलरची. केस सौम्य साबणानें धुवावे, मऊ करणारें कंडिशनर लावून धुऊन टाकावें, आणि जुन्या मऊ सुती कापडानें नुसते दाबून टिपावे; पंचानें खसखसा पुसूं नयेत. ओला असतां हा केस रबरासारखा ताणला जाऊन तुटतो. म्हणून रुंद दातांची फणी घ्यावी, आणि गुंता टोंकांकडून काढीत मुळांकडे जावें. मुळांकडून खालीं ओढण्याची आपली जी घाईची संवय आहे, ती येथें चालावयाची नाहीं. नंतर केसांचे चार भाग करावे. एकेका भागांतून रोलरच्या लांबीएवढीच रुंद बट घ्यावी, केस बसविण्याचें पातळ औषध किंचित् लावावें, टोंकांभोंवतीं पातळ कागदाची घडी धरावी आणि बट सारखी, ताठ परंतु न ओढतां, मुळापर्यंत गुंडाळून आंकड्यानें अडकवावी. टोंक दुमडलें गेलें तर तें सुकल्यावर माशाच्या गळासारखें उभें राहतें, आणि मग कितीही विंचरलें तरी बसत नाहीं. रोलर मोठा असेल तर केस जवळजवळ सरळ व फुगीर येतात; लहान असेल तर दाट कुरळे. रात्रीं निजावयाचें असल्यास स्पंजाचे मऊ रोलर बरे.

येथें घाई मात्र करूं नये. दाट केसांस सुकावयास सारी रात्र लागते. वरून हातास कोरडें लागलें तरी आंत, रोलरला चिकटलेला थर ओला असूं शकतो. तो तसाच सोडला तर तासाभरांत सारी मेहनत लोंबकळूं लागते. म्हणून आधीं मानेवरचा एक रोलर सोडून पाहावा. पार्लरमध्यें मोठ्या टोपासारख्या यंत्राखालीं बसवून हें काम तासाभरांत करितात. घरीं त्या यंत्राचें काम वेळ करितो, आणि वेळेस पैसे पडत नाहींत.

रोलर काढल्यावर ज्यांस सरळ केस हवे असतील त्यांच्यासाठीं ‘रॅप’ आहे. सगळे केस एकाच दिशेनें, डोक्याभोंवतीं पागोट्याच्या वेढ्यासारखे, चपटे विंचरीत न्यावयाचे, जागजागीं आंकडे लावावयाचे आणि वरून सॅटिनचा रुमाल घट्ट नव्हे पण नीट बांधावयाचा. डोकें हाच येथें मोठा रोलर होय. सकाळीं आंकडे काढून खालीं विंचरले कीं केस सुळसुळीत पडतात. डॉमिनिकन प्रजासत्ताकांतील स्त्रिया यास ‘तूबी’ म्हणतात, आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून आंकड्यांसह तसेंच डोकें घेऊन त्या खुशाल बाजारहाट करितात.

वेण्यांच्या रीतीचें फार सांगावयास नको. ओलसर केसांच्या सहा-आठ तीनपेडी वेण्या घालाव्या, टोंकांस लहान रोलर लावावे, सुकल्यावर बोटांनीं उकलाव्या. वेण्या जितक्या अधिक, तितकें वळण बारीक. दोन पेडांचा पीळ दिला तर वळण गोल येतें. पीळ देऊन बट मुळाशीं छोट्या अंबाड्यासारखी गुंडाळून ठेविली तर त्यास ‘बांटू नॉट’ म्हणतात. हें नांव आफ्रिकेंतील बांटू लोकांवरून आहे. उकलल्यावर फणी लावूं नये. बोटांस थोडें तेल चोळून बटा सुट्या कराव्या.

रात्रींचा रुमाल सॅटिनचा किंवा रेशमी असावा. सुती उशी केसांतील ओलावा व तेल ओढून घेते, आणि कूस बदलतांना घर्षणानें केस तुटतात. रुमाल सरकत असेल तर उशीलाच सॅटिनचा अभ्रा घालावा. जुन्या रेशमी लुगड्याचा तुकडा या कामास अगदीं उत्तम. दमट हवा व घाम हे या रचनेचे शत्रू. पाण्यानें जुळविलेलें पाण्यानेंच सुटतें. घट्ट वेण्या किंवा ओढून बांधलेले बुचडे रोज घालूं नयेत. रसायन लागलेल्या केसांस तो ताण सोसत नाहीं, आणि कपाळाच्या कडेचे केस एकदां मुळासकट गेले म्हणजे कित्येकदां परत येत नाहींत.

हें सारें सांगतांना एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. २०२२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें ३३,४९७ स्त्रियांची सुमारें अकरा वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत ३७८ स्त्रियांस गर्भाशयाचा कर्करोग झाला. ज्यांनीं केस सरळ करण्याचीं रसायनें कधींच वापरलीं नव्हतीं त्यांच्यांत सत्तर वर्षांपर्यंत हा रोग होण्याचें प्रमाण १.६४ टक्के निघालें. जीं वर्षांतून चारांहून अधिक वेळां वापरीत त्यांच्यांत तें ४.०५ टक्के. ही पाहणी संबंध दाखविते, कारण सिद्ध करीत नाहीं. आणि दोन्हीं आंकडे लहान आहेत हेंही खरें. तथापि दुपटीहून अधिक वाढ ही कोणत्याही आईनें डोळ्याआड करण्याजोगी नाहीं. आमचें मत विचाराल तर रसायन जितकें विरळ तितकें बरें, आणि न फुलविलेल्या टाळूवर, नव्या उगवलेल्या केसांपुरतेंच. जुन्या केसांवर पुन्हां लेप चढवूं नये.

कॅलिफोर्निया राज्यानें २०१९ सालीं केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून नोकरींत वा शाळेंत भेदभाव करण्यास बंदी करणारा कायदा केला, आणि पुढें इतर अनेक राज्यांनीं त्याचें अनुकरण केलें. जी गोष्ट आई शनिवारच्या रात्रीं भीतीपोटीं करी, ती लेक आतां हौसेनें करूं शकते किंवा करीत नाहीं. पुष्कळजणी रसायन सोडून देत आहेत. त्यांच्या वाटेंतील अडचण अशी कीं, केस महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हां कित्येक महिने मुळाशीं कुरळा व टोंकाशीं सरळ असा दुरंगी केस डोक्यावर राहतो, आणि दोहोंच्या सांध्यावरच तो बहुधा तुटतो. अशा वेळीं वेण्यांची आणि बांटू गांठींची रीत फार उपयोगी पडते. मूळ व टोंक दोन्हीं एकाच वळणांत वाळतात, सांधा ओळखूं येत नाहीं, आणि दर दोन महिन्यांनीं टोंकांचें बोटभर सरळ केस कापीत गेलें म्हणजे एक दिवस कापावयास सरळ असें कांहीं उरत नाहीं.