'वेगळं' वाटणारं मूल शाळेत टिकायला हवं

पी.टी.च्या तासाला आम्ही शिक्षक सवयीने ओरडतो, "मुलं इकडे, मुली तिकडे." काही वर्षांपूर्वी मुलुंडला आम्ही शिकवत असताना आठवीतला एक विद्यार्थी हे वाक्य ऐकलं की दोन पावलं मागे राहायचा. आवाज बारीक, चालणं नाजूक. वर्गातली मुलं त्याला ज्या नावाने हाक मारायची, ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकदा आम्हीच वैतागून म्हणालो, "नीट मुलासारखा उभा राहा ना!" सगळा वर्ग हसला आणि आम्ही ते हसू थांबवलं नाही. ईदच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. घरी फोन केला तर अम्मी एवढंच म्हणाल्या, "टीचर, वो अब नहीं आएगा."

तो ट्रान्सजेंडर होता की नाही, हे आम्हाला आजही माहीत नाही. पण त्याची शाळा सुटली, आणि त्यात आमचाही हात होता.

आधी शब्द समजून घेऊ. जन्माच्या वेळी मुलगा किंवा मुलगी अशी नोंद झाली, पण आपण तसे नाही असं ज्याला आतून सतत जाणवतं, ती व्यक्ती ट्रान्सजेंडर. मराठीत पारलिंगी किंवा तृतीयपंथी म्हणतात. काही मुलांच्या शरीराची रचनाच जन्मतः वेगळी असते. तो वेगळा प्रकार. आणि प्रत्येक नाजूक मुलगा किंवा केस कापून क्रिकेट खेळणारी प्रत्येक मुलगी ट्रान्सजेंडर असते असंही नाही. मुलावर शिक्का मारणं हे शिक्षकाचं काम नाही. ते मूल वर्गात बिनधास्त बसेल एवढं बघणं हे मात्र आपलंच काम आहे.

अशी मुलं आपल्यात कुठे, असं अनेक पालक विचारतात. 2011 च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून 'इतर' अशी नोंद देशात सुमारे 4 लाख 88 हजार जणांची झाली. त्यात सहा वर्षांपर्यंतची मुलं सुमारे 55 हजार होती. इतक्या लहान मुलांची नोंद घरातल्या मोठ्यांनीच सांगितली असणार. म्हणजे घराला कळतं. बोललं जात नाही एवढंच.

कायदा काय म्हणतो? 15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टाने 'नालसा' खटल्यात ट्रान्सजेंडर व्यक्तींना तृतीय लिंग म्हणून मान्यता दिली. या खटल्यात बाजू मांडणाऱ्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी ठाण्याच्या, म्हणजे मुलुंडच्या पुढच्याच स्टेशनच्या. पुढे 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला आणि 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्याच्या कलम 13 नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेने अभ्यास, खेळ, करमणूक यांत भेदभाव न करता सर्वांना सामावून घ्यायचं आहे. आपल्या उर्दू माध्यमाच्या शाळाही यात आल्या. याच कायद्यानुसार, केवळ ट्रान्सजेंडर आहे म्हणून मुलाला आईवडिलांपासून वेगळं करता येत नाही; कोर्टाने मुलाच्या हितासाठी आदेश दिला तरच.

शिक्षकांसाठी एनसीईआरटीने 2021 मध्ये एक मार्गदर्शिका काढली होती. वाद झाला आणि ती लगेच वेबसाइटवरून काढली गेली. पण वर्गातली बरीच कामं पुस्तकाविना आणि पैशाविना होतात.

रांग मुलगा-मुलगी अशी न लावता हजेरी नंबराने किंवा उंचीने लावता येते. चिडवण्याचा शब्द कानावर पडला की तो तास संपायच्या आत, त्याच क्षणी थांबवायचा. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी असलेलं स्वच्छतागृह अशा मुलाला कारण न विचारता वापरू द्यायचं. दिवसभर पाणी न पिणारं मूल शिकणार काय? नागरिकशास्त्रात हक्कांचा धडा आला की नालसाचा निकाल दोन वाक्यांत सांगायचा. आणि मुलाने विश्वासाने काही सांगितलं तर ते स्टाफरूममध्ये चघळायचं नाही. घरी सांगायचं का, हे आधी त्या मुलालाच विचारायचं. जिवाला धोका वाटला तर मात्र लगेच समुपदेशकाची मदत घ्यायची.

आता घरचा प्रश्न. "टीचर, दीन काय म्हणतो?" शस्त्रक्रिया, औषधं, पेहराव यांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि तो शिक्षकांचा विषय नाही, जाणकार आलिमना विचारावं. पण थट्टेबद्दल मतभेद नाही. सूरह हुजुरातची 11 वी आयत एकमेकांची खिल्ली उडवायला आणि वाईट नावं ठेवायला साफ मना करते. हनफी फिकहच्या 'हिदाया' या आठशे वर्षांहून जुन्या ग्रंथात 'खुन्सा'वर, म्हणजे शरीररचना स्पष्ट नसलेल्या व्यक्तीवर, स्वतंत्र प्रकरण आहे. नमाजच्या सफमध्ये ती कुठे उभी राहील, याचाही विचार तिथे केला आहे. मनातून वेगळं वाटणं हा मुद्दा वेगळा, हे मान्य. पण जे चौकटीत बसत नाही त्याला दाराबाहेर काढा, असा तो विचार नाही. सफमध्ये जागा शोधली जाते, तर वर्गात का नाही?

मूल शाळेतून गेलं, घरातूनही गेलं, की पुढे काय होतं ते आपण लोकलच्या डब्यात रोज बघतो. टाळी ऐकून आपण नजर वळवतो. ती व्यक्ती कधीतरी कुठल्यातरी वर्गात बसलेली होती, हे आपल्या मनातही येत नाही.

पुढच्या पालकसभेला गेलात तर दोनच गोष्टी विचारा: चिडवण्यावर शाळा काय करते, आणि अशा मुलाने बोलायचं कुणाशी? घरीही मुलांच्या तोंडचे शब्द ऐका. ते बहुतेक वेळा आपलेच असतात. मूल गप्प-गप्प राहू लागलं तर टेली-मानसचा 14416 आणि चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हे दोन्ही नंबर मोफत आहेत.

आम्ही आता रांग हजेरी नंबराने लावतो. एवढ्याशा बदलाला एक मूल गमवावं लागलं, याची खंत आहे. तुमच्या शाळेत तरी तेवढी वाट बघू नका.