शिक्षणाचें कर्ज आणि वडिलार्जित जमीन

कर्जत व खालापूर तालुक्यांत भातशेती करणाऱ्या कुटुंबांतील मुलें-मुली आतां बँकेचें कर्ज काढून उच्च शिक्षण घेऊं लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पदवी पदरांत पडतांच फेडीची चिंता उभी राहते. आणि मुंबईचें गिऱ्हाईक तयारच असल्यामुळें जमिनीचा एखादा तुकडा विकून मोकळें व्हावें, असा विचार घरांत निघतो. हा उपाय अगदीं अखेरचा मानावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे. त्यापूर्वींचे उपाय येथें क्रमानें देतों.

पहिला उपाय व्याजाचा. बँकांच्या नमुना योजनेप्रमाणें शिक्षणाचा काळ व त्यापुढील एक वर्ष हप्ता सुरू होत नाहीं. व्याज मात्र चालूच असतें. समजा, दरवर्षाच्या आरंभीं एक लाख याप्रमाणें चार वर्षांत ४ लाख रुपये दरसाल दरशेंकडा १० या दरानें उचलले. पांच वर्षांअखेर सरळव्याजच १ लाख ४० हजार होतें. तें मुद्दलांत मिळालें म्हणजे दहा वर्षें दरमहा सुमारें ७,१३६ रुपये भरावे लागतात. तेंच व्याज भात विकल्यावर वेळच्या वेळीं भरीत गेल्यास हप्ता सुमारें ५,२८६ वर येतो.

दुसरा उपाय मुदतीचा. मुदत १५ वर्षांपर्यंत मिळूं शकते. वरील ५ लाख ४० हजारांचा हप्ता मग सुमारें ५,८०३ होतो. परंतु एकंदर भरणा सुमारें १ लाख ८८ हजारांनीं वाढतो. आरंभीं पगार बेताचा असल्यास लांब मुदत घ्यावी, व पुढें हातीं येईल ती जादा रक्कम मुद्दलांत भरावी. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जास याबद्दल दंड नाहीं.

तिसरा उपाय सरकारी सवलतीचा. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आंत असल्यास, मान्य संस्थांतील धंदेशिक्षणाच्या कर्जावरील वरील सवलतीच्या काळांतील व्याज केंद्र सरकार सोसतें. तहसील कचेरीचा उत्पन्नाचा दाखला याकरितां वेळींच काढून ठेवावा.

नोकरी लागण्यास विलंब झाल्यास हप्ता चुकण्यापूर्वींच बँकेस लेखी अर्ज करून मुदतवाढ मागावी. वडील सहकर्जदार असल्यानें थकबाकीची नोंद त्यांच्याही नांवावर होते, व पुढें पीककर्ज मागतांना ती आड येते.

आतां जमिनीविषयीं. महसूल खात्यांत आमची हयात गेली. विकलेली जमीन त्याच घराण्याच्या नांवें परत चढल्याचे फेरफार आम्हीं फारच थोडे पाहिले. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणें शेतकरी नसलेल्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. म्हणून सर्व जमीन विकणाऱ्याच्या मुलांस पुढें शेतकरी असल्याचा पुरावा देणेंही कठीण जातें. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास नमुना योजनेंत तारण लागत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. अधिक कर्जासाठीं सातबाऱ्यावर बोजा चढला असेल, तर फेड पुरी होतांच बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडून तो उतरवून घ्यावा व नवा उतारा स्वतः वाचून पाहावा.