तुटलेली नोकरी आणि पेन्शनची सांधणी

आपल्या उद्यमनगरातील किंवा शिरोलीच्या फौंड्रीतील कामगाराची नोकरी एकसंध असतेच असे नाही. एका कारखान्यात सहा वर्षे, मग काम सुटले म्हणून तीन वर्षे घरी, पुढे दुसरीकडे पाच वर्षे. अशा तुटक नोकरीचे पेन्शन होते काय, आणि मधला खंड भरून काढता येतो काय, हा प्रश्न पुष्कळ घरांत उभा राहतो.

प्रथम योजना समजून घेऊ. कर्मचारी पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 रोजी सुरू झाली. मालकाच्या वर्गणीतून पगाराचे 8.33 टक्के तिच्यात जातात आणि केंद्र सरकार 1.16 टक्क्यांची भर घालते. एकूण दहा वर्षांची सेवा भरली, म्हणजे वयाच्या 58 व्या वर्षी पेन्शन लागू होते. हिशेब साधा आहे: शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. या हिशेबासाठी पगाराची मर्यादा 2014 साली 15,000 रुपये ठरली. उदाहरणासाठी तीच धरू.

आता खंडाविषयी. रिकामी गेलेली वर्षे पदरचे पैसे भरून विकत घेता येत नाहीत. परंतु खंडाच्या अलीकडची आणि पलीकडची सेवा जोडता येते. नोकरी सुटल्यावर ‘नमुना 10-सी’ भरतात. त्यात दोन वाटा असतात: पेन्शनचे पैसे रोख उचलणे, किंवा सेवेचे प्रमाणपत्र घेणे. खरे नुकसान होते ते खंडाने नव्हे, तर घाईने पहिली वाट धरल्याने. कारण उचललेली सेवा पुसली जाते.

समजा, वरील कामगार पहिली नोकरी सुटली तेव्हा पन्नास वर्षांचा होता. सहा वर्षांबद्दल त्याला सुमारे 96,000 रुपये मिळतील आणि पुढच्या पाच वर्षांबद्दल सुमारे 79,000. पेन्शन मात्र नाही. तेच प्रमाणपत्र घेऊन सेवा जोडली, तर अकरा वर्षे होतात आणि दरमहा सुमारे 2,357 रुपये तहहयात मिळतात. व्याज सोडले, तर सहा-सव्वासहा वर्षांत पेन्शनची बेरीज रोख रकमेच्या पुढे जाते. व्याज धरले, तर आणखी काही वर्षे लागतात. पश्चात पत्नीला त्याच्या निम्मे पेन्शन चालू राहते, हा लाभ निराळाच.

मग रोख कधी उचलावी? पुन्हा अशी नोकरी मिळून दहा वर्षे भरण्याची आशाच नसेल, तर प्रमाणपत्र नुसते पेटीत ठेवून पेन्शन येणार नाही. तरुणाचा हिशेबही निराळा: त्याची रक्कम व्याजावर पंचवीस-तीस वर्षे खरोखरच अबाधित राहिली, तर ती पेन्शनलाही मागे टाकील. पण ती अबाधित राहील काय, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. घरच्या अडचणीसाठी भविष्यनिधीची रक्कम काढली, तरी पेन्शनची सेवा राखता येते. दोन्ही खाती एकदम मोडावी लागत नाहीत. शिवाय साडेनऊ वर्षे भरली असतील, तर ती दहाच धरतात. म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वी पासबुक उघडून आपली वर्षे आणि महिने मोजावेत. एका महिन्याच्या गरजेपायी म्हातारपणाची मिळकत सोडून देऊ नये.