'कणकण' : एका किरकोळ आजाराचा अर्थव्यवहार

मराठीत किरकोळ आजार दर्शविणाऱ्या शब्दांत 'कणकण' या शब्दाचे स्थान वेगळे आहे. त्याचा अर्थ सामान्यतः 'बारीक ताप' असा सांगितला जातो. प्रत्यक्ष वापरात मात्र हे दोन शब्द समानार्थी ठरत नाहीत. ताप दुसऱ्याला हाताने जाणवतो, तापमापकाने मोजता येतो. कणकण ज्याच्या अंगात असते, त्यालाच कळते. 'त्याला ताप आहे' असे पाहणारा स्वतः तपासून म्हणू शकतो. 'त्याला कणकण आहे' असे म्हणण्यासाठी आधी त्याने ते सांगावे लागते.

या अर्थाचे मूळ शब्दाच्या घडणीत आहे. 'मळमळ', 'जळजळ', 'ठसठस' यांप्रमाणे 'कणकण' हाही द्विरुक्त शब्द असून तो ध्वनीचे नव्हे, तर शारीरिक संवेदनेचे अनुकरण करतो. अशा शब्दांचा भारतीय भाषांतील प्रसार हे भाषिक क्षेत्राचे एक लक्षण असल्याचे एमेनो यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. तथापि, ही एकच अवस्था शेजारच्या भाषा निरनिराळ्या मार्गांनी व्यक्त करतात. हिंदी-उर्दूतील 'हरारत' हा अरबी शब्द मूळ 'उष्णता' या अर्थाचा आहे. बंगालीत 'ज्वर' शब्दाचीच द्विरुक्ती करून 'ज्वर-ज्वर भाव' म्हटले जाते. तेथे आजाराचे नाव घेऊन ते सौम्य केले जाते. मराठी शब्दात उष्णता नाही आणि रोगाचे नावही नाही. आहे ते केवळ संवेदन.

'कणकण' बहुधा 'जरा', 'थोडी', 'नुसती' या शब्दांसह येते आणि तिचा शेवट पुष्कळदा 'अंगावर काढणे' या वाक्प्रचारात होतो. उपचार वा विश्रांती न घेता कामे करीत दुखणे सोसणे, असा त्याचा अर्थ. 'आजारी' म्हटल्यावर मिळणारी सवलत 'कणकण' या शब्दाने मिळतेच असे नाही. कारण तिला बोलणाऱ्याच्या शब्दाखेरीज पुरावा नसतो.

अनुवादात नेमका हाच अंश हरवतो. 'जरा कणकण आहे' असे म्हणत चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या तोंडी 'थोडा बुखार है' हे वाक्य घातले, की लक्षण पोहोचते. परंतु सांगूनही गृहीत न धरले जाणारे तिचे दुखणे पोहोचत नाही. अशा शब्दाचा प्रतिशब्द निवडताना तापाच्या प्रमाणापेक्षा, तो शब्द कोण कोणाला सांगतो आणि त्यावर कोण विश्वास ठेवतो, याचा विचार अधिक आवश्यक ठरतो.