खाणीतली हवा मोजताना

वणी तालुक्यात आज नजरेत भरतात त्या उकणी, जुनाडसारख्या उघड्या खाणी. राजूर, कुंभारखणीची ओळख मात्र जमिनीखालच्या कोळशाची. अशा भूमिगत खाणीत कोळसा काढण्याइतकंच हवा मोजण्याचं काम जोखमीचं, पण ते बघायला कोणी येत नाही.

ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख ठेवणारा, रिटर्नच्या म्हणजे परतीच्या हवेच्या बोगद्यात अंग चोरून उभा राहतो आणि वाऱ्याचा वेग मोजणारा अ‍ॅनिमोमीटर हातभर लांब धरतो. स्वतःच वाऱ्याला आडवा आला तर आकडा खोटा. भिंतीला घासून वारा मंदावतो, मधोमध पळतो. म्हणून यंत्र मिनिटभर एकाच संथ चालीने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, छतापासून जमिनीपर्यंत फिरवायचं. “मोजाले घाई केली का गेला हिशोब,” तो म्हणतो. मिनिटाला 60 मीटर वेग आणि 10 चौरस मीटरचा बोगदा म्हणजे 600 घनमीटर हवा. माणशी किमान 6 घनमीटर, तेव्हा शंभर जणांपुरती. टनावारीचा हिशेब निराळा.

वेगाची सरासरी अशी हाताने काढता येते. वायूचं तसं नाही. मिथेनचं वजन हवेच्या जेमतेम निम्मं. तो छताला चिकटतो. कार्बन डायऑक्साइड सखल जागी साचतो. एका वाटेने 600 घनमीटर हवा 0.2 टक्के मिथेन घेऊन आली, दुसरीने 200 घनमीटर 1 टक्का घेऊन, तर मिसळल्यावर 0.6 नव्हे, 0.4 टक्के भरतात. पण छताच्या खोबणीत काय दडलंय ते हा आकडा सांगत नाही. म्हणूनच नियमात दोन मर्यादा आहेत : परतीच्या हवेत 0.75 टक्के आणि खाणीत कुठेही 1.25 टक्के. नियम लिहिणारा बहुधा खाली उतरलेला असावा.

त्यात वणीचा उन्हाळा. 45 अंशांची कोरडी हवा घनमीटरला सुमारे 1.08 किलो, डिसेंबरच्या पहाटेची 10 अंशांची 1.21. थंडीत जड हवा आपसूक खाली उतरते, पंख्याला हातभार लावते. मे महिन्यात हलकी झालेली हवा आडमुठेपणा करते. शिवाय उतरताना ती निवत जाते, दाबही शंभर मीटरला अकराएक हेक्टोपास्कलने वाढतो. तोंडाशी घेतलेलं तापमान अख्ख्या शाफ्टला लावून चालत नाही. टप्प्याटप्प्यावर मोजून खोलीप्रमाणे सरासरी काढावी लागते.

बॅरोमीटर झपाट्याने उतरला की कोळसा काढून सोडलेल्या गोफातला वायू बाहेर झिरपतो. वादळी पावसाच्या दिवशी मिथेनोमीटर घेऊन आधी गोफाच्या कडेला जायचं, बोगदा नंतर.